रात्री फुलावर कोण येतं, हे कसं शोधाल?

मोठ्या झाडाच्या पांढऱ्या फुलात खारीने डोकं खुपसलेलं दिसलं आणि मी वहीत ‘परागण (पराग फुलाफुलांत नेणं) – खार’ असं लिहून मोकळा झालो. सकाळी खाली पडलेली फुलं उचलली, तर सगळी बुडाशी कुरतडलेली. खारबाईने मागच्या दाराने मध पळवला होता, परागाचा कणही अंगाला लागू न देता. तेव्हापासून मी आधी फूल तपासतो, प्राणी नंतर.

दिवसा झाड निवडा. रात्रीचे मुख्य पाहुणे वटवाघळं, आणि ती येतात ती फुलं बहुधा पांढरट-मळकट, दणकट, भरपूर मधाची आणि पानांपासून दूर असतात. टेटू या झाडाचे तुरे पानांच्या वर डोकावतात, ड्युरियन या काटेरी फळाच्या झाडाची फुलं थेट फांद्यांना लटकतात. वास घ्या, कुजक्या कोबीसारखा आला तर नाक मुरडू नका, खूण चांगली आहे. मग ताज्या फुलात अंगठा मधापर्यंत घाला आणि पराग कुठे लागतो ते बघा. प्राण्याचं कपाळ किंवा छाती तिथेच टेकायला हवी.

अंधार पडण्याआधी जागा धरा. टॉर्चवर लाल जिलेटिन लावा. आशिया-आफ्रिकेतली वटवाघळं बहुतेकदा फुलाला लोंबकळतात, अमेरिकेतली मधखाऊ जात हवेत तरंगत क्षणभरात मध चाटून जाते. डोळ्यांवर भरवसा नको, कॅमेरा ट्रॅप (हालचाल होताच आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) लावाच. आणि फक्त आकाशाकडे बघत बसू नका. मादागास्करमध्ये रावेनाला या झाडाच्या फुलांची टणक आवरणं लेमूर (माकडांच्या नात्यातले प्राणी) हातांनी उघडतात. मलेशियात बर्टम माडाचा आंबलेला मध (त्यात अल्कोहोल ३.८ टक्क्यांपर्यंत भरलंय!) चिचुंद्रीएवढा, झाडावर राहणारा प्राणी रात्रभर पितो आणि तरी झिंगल्यासारखा वागत नाही.

टेटूची फुलं उजाडण्याआधीच गळतात, तेव्हा पहाटे झोपलात तर रात्र वाया.

खरा निकाल फुलं झाकणाऱ्या पिशव्या देतात. कळ्या उमलण्याआधीच त्यांचे पाच गट करा. एक कायम झाकलेला, एक फक्त रात्री उघडा, एक फक्त दिवसा उघडा, एक तसाच मोकळा. पाचव्याभोवती इंचभर भोकांची ताठ तारेची जाळी लावा. पतंग आत जातील, वटवाघूळ नाही. सैल जाळं मात्र कधीच नको, त्यात वटवाघूळ अडकतं, आणि ते सोडवायला उघडा हात घालणं म्हणजे रेबीजला आमंत्रण. रात्री उघड्या फुलांना फळं धरली आणि जाळीतल्यांना धरली नाहीत, तर बोट वटवाघळाकडे वळतं. कायम झाकलेल्यांनाही धरली, तर झाडाला पाहुण्यांची गरजच नाही.

फळं मोजायला काही आठवड्यांनी परत यायचंय, म्हणून चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहा. मी शाईने लिहिल्या होत्या. पहिल्या पावसानंतर कुठली पिशवी रात्रीची आणि कुठली दिवसाची, हे फक्त झाडालाच माहीत होतं.