मऊ प्रवाळातून औषध शोधायचं, पण बडोद्यात बसून

आमच्या दांडिया बाजारातल्या घरी एमएस्सीची मुलं येतात आणि पहिलाच प्रश्न टाकतात, "काकू, पिरोटनला कधी जायचं?" बघायला खुशाल जा. कच्छच्या आखातातल्या त्या बेटाभोवतीचं सागरी उद्यान १९८२ पासून राखीव आहे, आणि समुद्रपंखे (पंख्यासारखे पसरणारे, मऊ प्रवाळांचेच नातलग) वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. तिथून तुकडा उचलायचा विचारही नको.

सुरुवात संगणकावर करा. एल्युथेरोबिन हे कर्करोगावरच्या टॅक्सोल या औषधासारखं पेशीविभाजन अडवणारं टर्पीन गटातलं द्रव्य ऑस्ट्रेलियाजवळच्या मऊ, म्हणजे दगडी सांगाडा नसलेल्या, प्रवाळात १९९० च्या दशकात सापडलं, पण औषधापुरतं मिळेना. ते प्रवाळ करतो की त्याच्या अंगातले सूक्ष्मजीव, यावर बरीच वर्षं वाद. २०२२ मध्ये युटा विद्यापीठाच्या एरिक श्मिट यांच्या गटाने आणि स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी दाखवलं की असली टर्पीन बनवायची जनुकं प्रवाळाच्या स्वतःच्या जीनोममध्येच आहेत, तीही एकमेकांच्या शेजारी. म्हणून खुल्या डेटाबेसमधले मऊ प्रवाळांचे जीनोम उतरवा, टर्पीन सायक्लेज (टर्पीनचा सांगाडा घडवणारं एन्झाइम) याचं जनुक शोधा, आणि त्याच्या आजूबाजूला पी-४५० सारखी, त्या सांगाड्यात पुढचे बदल करणारी जनुकं दिसतात का ते बघा. दिसली की तो भाग जीवाणूत घालून द्रव्याची पहिली पायरी घडते का ते तपासता येतं. समुद्राला धक्काही लागत नाही.

परवान्याने नमुना मिळालाच, तर आधी फोटो, ओळख आणि जपून ठेवायचा तुकडा. उरलेला गोठवून वाळवा. मिठाचं पाणी राहिलं तर पुढे सगळं चिकट होतं. मग मिथेनॉल आणि डायक्लोरोमिथेनमध्ये अर्क. डायक्लोरोमिथेन ४० अंशांना उकळतं, आपला मे महिना त्याहून तापतो, तेव्हा बर्फ हाताशी हवाच. अर्कातली द्रव्यं वेगळी करायला तो सिलिका भरलेल्या नळीतून (कॉलम) सोडा. त्यातून आधी उतरतात ती चरबी आणि स्टेरॉल, त्यावर हुरळू नका. मग टीएलसी प्लेटवर, म्हणजे सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर, व्हॅनिलिन-सल्फ्युरिक फवारून तापवा. जांभळे-निळे ठिपके टर्पीनचे असू शकतात, पण स्टेरॉलही रंग देतात. प्रत्येक भाग पेशींवर तपासून जो चालेल तोच पुढे फोडायचा.

आणि एक. विषारी दंशातलं द्रव्य टोचावं लागतं, प्रवाळाचं मात्र खाणाऱ्या माशाच्या पोटात जाऊन काम करतं. त्यामुळे गोळीच्या रूपात ते चालण्याची आशा जास्त.

रेणूची रचना दाखवणाऱ्या एनएमआर मशीनला नमुन्याची नळी देण्याआधी वस्तुमान काढून जुन्या नोंदींशी ताडून घ्या. सार्कोफायटन या मऊ प्रवाळातून तेच सेंब्रेनॉइड (एका प्रकारचे टर्पीन) पुन्हा पुन्हा निघतात, आणि मशीनची वेळ फुकट जाते.