पैसे घेऊन सिनेमा ऑनलाइन दाखवताय? मग या चुका टाळा

लातूर, बीड, परभणीकडची पोरं आता चांगले सिनेमे करू लागली आहेत. कॅमेरा भाड्यानं मिळतो, एडिटिंग घरी होतं, आपली बोली बोलणारे कलाकार गावोगाव आहेत. अडतं ते थिएटरपाशी. मिळालं तरी भर दुपारचा एखादा शो हाती लागतो. म्हणून आता जो तो म्हणतो, ऑनलाइन लावू, ज्याला बघायचाय त्यानं त्या एका सिनेमाचे पैसे भरावेत. विचार चांगलाच आहे. तेव्हाच्या औरंगाबादेत घडणारा 'जून' हा सिनेमा २०२१ साली प्लॅनेट मराठी या ॲपवर असाच, पे पर व्ह्यू पद्धतीनं आला होता. ही कामं करून देणं हा माझा धंदा आहे आणि दर वेळी निर्माते त्याच त्या खड्ड्यात पडताना बघून जीव तुटतो.

तारीख आधी, चाचणी नंतर

सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. महिन्याची वर्गणी घेणाऱ्या ॲपवर एक सिनेमा अडकला तर माणूस दुसरा लावतो. तुमच्याकडे दुसरा नाही. त्यानं एका गोष्टीचे पैसे दिलेत आणि ती पाच मिनिटांत दिसली नाही, तर तो तुमच्याकडे पुन्हा फिरकत नाही.

बीड जिल्ह्यातल्या एका निर्मात्यानं ऊसतोड कामगारांवर सिनेमा केला. मनापासून केलेलं काम होतं. टोळ्या दसरा-दिवाळीनंतर कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडं निघून जातात, तेव्हा फडावर बसून फोनवरच आपल्या माणसांनी हा सिनेमा बघावा, ही त्याची इच्छा. तारीख ठरली, पोस्टर लागली, गावागावांतून भोंग्याची रिक्षा फिरली. साइट मात्र एका बाहेरच्या कंपनीनं नुसत्या डेमोत चालवून दाखवली होती. मी म्हणालो, आठ दिवस थांबू, खरे पैसे भरून बघू. उत्तर आलं, "दादा, आता तारीख फिरवली तर लोकं नाव ठेवतील."

संध्याकाळी सातला विक्री सुरू झाली आणि पहिला घोटाळा ओटीपीचा निघाला. मेसेजचा मजकूर आणि पाठवणाऱ्याचं नाव डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेत, नोंदलेलं नसेल, तर टेलिकॉम कंपन्या तो मेसेज वाटेतच अडवतात. मजकुराची मंजुरी आलेलीच नव्हती. लॉगिनच होईना. ओटीपी काढून टाकला, तर पुढं यूपीआयचा घोटाळा. आपल्याकडच्या बऱ्याच फोनला रॅम कमी. पैसे भरायला यूपीआयचं ॲप उघडलं की मागचं ब्राउझर फोन आपोआप बंद करतो. माणूस परत येतो तेव्हा पान कोरं. साइट अशी बांधलेली की गिऱ्हाईक परत पानावर आलं तरच विक्री नोंदवायची. पैसे निर्मात्याच्या खात्यात पोचले, साइटला त्याचा पत्ताच नाही. फोन सुरू झाले. "दादा, पैसे कटले, पिच्चर दिसंना." "कामून असं करायलात ओ?" एका मुकादमानं तर अख्खी टोळी एका फोनभोवती बसवली होती.

असे पैसे बँक आपोआप परत फिरवत नाही. व्यवहार अर्धवट राहिला तर ते होतं. इथं व्यवहार पूर्ण झालेला, पैसे विकणाऱ्याला मिळालेले. म्हणजे परत करायचे तर विकणाऱ्यानंच, एकेक नोंद जुळवून. घाबरलेल्या निर्मात्यानं मग सोपी वाट धरली. सिनेमा यूट्यूबवर अनलिस्टेड चढवला आणि तक्रार करणाऱ्यांना व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली. अनलिस्टेडला कुलूप नसतं. लिंक हातात आली की कुणीही बघतं. सकाळपर्यंत ती लिंक तालुक्यातल्या ग्रुपांवर फिरत होती आणि विक्री तिथंच संपली.

म्हणून माझी सवय अशी. गल्लीत मिळेल तो सगळ्यांत जुना अँड्रॉइड फोन घ्यायचा, रेंज कमी असलेल्या जागी जायचं आणि वेगवेगळ्या यूपीआय ॲपवरून स्वतःचे खरे पैसे भरायचे. पैसे कापले गेले की मुद्दाम ब्राउझर बंद करून टाकायचा. पुन्हा साइट उघडल्यावर नंबर टाकून सिनेमा मिळाला पाहिजे. मिळाला नाही, तर पोस्टर छापायला जाऊ देत नाही. तंत्रवाल्याला एकच गोष्ट ठासून सांगा: पैसे आल्याची खबर पेमेंट गेटवेकडून, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करून देणाऱ्या कंपनीकडून, थेट साइटच्या सर्व्हरला यायला हवी. त्याला वेबहुक म्हणतात. गिऱ्हाईकाच्या ब्राउझरच्या भरवशावर राहायचं नाही. आणि पहिल्या रात्री तक्रारीच्या नंबरवर जिवंत माणूस बसवा, गावाकडच्या बोलीत बोलणारा.

मोठ्यांचंही हेच होतं. मे २०२१ मध्ये ईदला 'राधे' झीच्या झीप्लेक्स या पैसे भरून बघायच्या सेवेवर २४९ रुपयांना लागला, तेव्हा पहिल्याच दिवशी गर्दीनं झी५ कोलमडलं होतं. त्यांच्याकडं पैसा होता, माणसं होती, दुसरे सिनेमे होते. तुमच्याकडं ती एकच रात्र असते.

दुसऱ्याची किंमत उचलणं

"अमुक सिनेमा २४९ ला होता, आपण १९९ ठेवू." हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता लगेच कागद-पेन काढतो. जास्त किंमत कुठं चालली ते आधी समजून घ्या. एप्रिल २०२० मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओनं अमेरिकेत 'ट्रोल्स वर्ल्ड टूर' ४८ तासांसाठी १९.९९ डॉलरला दिला. थिएटरं बंद, पोरं घरात, सिनेमा लहान मुलांचा. तिथं थिएटरचं एक तिकीट सरासरी नऊ डॉलरच्या आसपास पडायचं, म्हणजे चौघांच्या घराला तो सौदा स्वस्तच होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डिस्नेनं 'मुलान'ला २९.९९ डॉलर लावले ते याच हिशेबानं. थिएटरात तिकीट डोईमागं असतं, इथं घरामागं. तुमचा सिनेमा अख्खं घर एकत्र बसून बघणार का? का एकटा पोरगा मळ्यात बसून फोनवर बघणार? एकट्यानं बघायचा सिनेमा घराच्या भावानं विकला जात नाही.

आता हिशेब. तिकीट ९९ रुपये, जीएसटी धरून. १८ टक्के कर बाजूला काढला की ८३ रुपये ९० पैसे उरतात. ॲपच्या आतून विक्री झाली आणि ते ॲप जिथून डाउनलोड होतं त्या स्टोअरनं १५ टक्के घेतले, तर ७१ रुपये ३१ पैसे. प्लॅटफॉर्मशी निम्म्या वाट्याचा करार असेल, तर तुमच्या हाती ३५ रुपये ६५ पैसे. सिनेमाला २० लाख लागले असतील तर ते निघायला ५६ हजारांहून जास्त तिकिटं खपावी लागतील. हा आकडा ऐकून पोरं गप्प होतात. गप्प झालेली चांगली, कारण मग ती योग्य प्रश्न विचारतात.

पहिला प्रश्न असा की ॲपमधून विकायचंच कशाला? ब्राउझरवरून यूपीआयनं घेतलं तर स्टोअरचा वाटा वाचतो, गेटवेचे साधारण दोन टक्के जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये 'सितारे जमीन पर' यूट्यूबवर १०० रुपयांना लावला, तेव्हा ॲपलच्या फोनवर तोच सिनेमा १७९ ला दिसू लागला आणि निर्मात्यांना माफी मागावी लागली. तुमच्या पोस्टरवर ९९ आणि फोनवर वेगळाच आकडा, असं झालं तर माणूस तुम्हालाच लबाड म्हणतो, स्टोअरला नाही.

माझं मत विचाराल तर मराठवाड्यात पहिल्या सिनेमाला ४९ ते ९९ च्या मध्ये राहा. आणि 'खर्च इतका झाला म्हणून किंमत इतकी' हे डोक्यातून काढा. बघणाऱ्याला तुमच्या खर्चाशी देणं-घेणं नसतं.

रात्री नऊचा प्रीमियर

बहुतेकांच्या रिचार्जमध्ये दिवसाला दीड जीबीच्या आसपास डेटा असतो. दिवसभर रील बघून रात्री नऊला तो संपत आलेला असतो. दोन तासांचा सिनेमा दीड एमबीपीएसनं चालला तर १.३५ जीबी खातो. तोच ७०० केबीपीएसची हलकी प्रत करून दिला तर ६३० एमबीत बसतो. मी हलकी प्रत कायम देतो आणि फोनवर तीच आधी सुरू होईल असं ठेवतो. डाउनलोडची सोय असेल तर उत्तमच. विक्री सकाळी उघडा.

पैसे भरल्यावर सिनेमा बघायला ४८ तास देणार असाल, तर ते घड्याळ कधी सुरू होतं तेही नीट लिहा. ॲमेझॉनच्या भाड्याच्या सिनेमाला सुरू करायला ३० दिवस मिळतात आणि प्ले दाबल्यापासून ४८ तास. पैसे भरल्या क्षणापासून घड्याळ चालू केलं, तर ज्याच्या गावात लाईट नाही त्याचे पैसे पाण्यात. हा अन्याय आहे आणि तो आपल्याच माणसांवर होतो.

लवकर फुकट करणं

हाही माझ्या रागाचा विषय. तिकीट लावलं, पंधरा दिवसांत विक्री थंडावली की लगेच सिनेमा यूट्यूबवर फुकट. ज्यांनी पैसे मोजले त्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवला होता. त्यांना काय वाटेल? पुढच्या सिनेमाला तेच म्हणतील, थांबा, येतोय फुकटात. किती महिने फुकट देणार नाही हे तिकीट विकतानाच जाहीर करा आणि पाळा. विक्री थंडावली तर किंमत उतरवा, शून्य करू नका.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो.

डीआरएमशिवाय, म्हणजे कॉपी रोखणाऱ्या डिजिटल कुलपाशिवाय, फाईल ठेवू नका. अँड्रॉइडला वाइडवाइन, ॲपलला फेअरप्ले लागतं. चोरी पूर्ण थांबत नाही, पण स्क्रीन रेकॉर्ड करून पाठवणारे हौशी चोर थांबतात.

पार्श्वसंगीतात दुसऱ्याचं गाणं वाजत असेल तर ऑनलाइनचे हक्क वेगळे घ्या.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे वयोगटाचं वर्गीकरण दाखवणं ऑनलाइन सिनेमालाही लागतं.

ट्रेलरच्या खाली पहिल्याच ओळीत किंमत आणि लिंक. लोकांना शोधायला लावू नका.

पैसा कधी असतो तेही बघा. लातूर-धाराशिवकडं सोयाबीन विकून हातात रक्कम येते ती दसऱ्याच्या पुढं. जूनमध्ये बी-बियाणं आणि शाळेची फी असते, तेव्हा तिकीट लावून लोकांना दोष देणं बरोबर नाही.

प्लॅटफॉर्मशी करार करताना 'कायमस्वरूपी हक्क' असं कुठं दिसलं तर सही करू नका. मी तीन वर्षांच्या पुढं कुणाला सही करू देत नाही. आणि महिन्याच्या महिन्याला विक्रीचा हिशेब, कुठल्या शहरातून किती तिकिटं गेली यासकट, लेखी मिळेल असं कलम घालून घ्या. नांदेडला किती खपली आणि पुण्यात राहणाऱ्या मराठवाड्याच्या पोरांनी किती घेतली, हे कळल्याशिवाय पुढच्या सिनेमाच्या पोस्टरचे पैसे कुठं घालायचे ते ठरत नाही.