पहिलीतल्या मुलाचे वाचन घरी कसे पक्के करावे : आधी मराठी, मागोमाग कन्नड

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी शाळेत पहिलीत गेलेल्या मुलाला लवकरच दोन लिप्यांशी गाठ घालावी लागते. २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यानंतर कर्नाटकातील शाळांत पहिलीपासून टप्प्याटप्प्याने कन्नड सक्तीची झाली, आणि घरी मराठी बोलणाऱ्या पालकांची तारांबळ वाढली. मग शेजारीपाजारी तीन उपाय सुचवतात : शिकवणी लावा, मोबाइलवर बाराखडीचे गाणे लावून द्या, एकेक अक्षर पानभर गिरवून घ्या. या तिन्हींनी मूल गप्प बसते, वाचायला मात्र लागत नाही.

रोज पंधरा मिनिटे, तीही मुलाने शाळेतून येऊन खाऊन-खेळून झाल्यावर, एवढा वेळ पुरतो. पाटी, खडू आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली अक्षरांची कार्डे, एवढे साहित्य पुरे.

पहिल्यांदा संपूर्ण मुळाक्षरांच्या मागे लागू नये. घ, र, ब, स, न, ळ, क, म एवढीच अक्षरे घ्यावीत आणि त्यांतून लगेच शब्द करावेत : घर, बस, नळ, कमळ. हे सोपे आहे, आठवडाभरात होते.

आता खरी अडचण. मूल घ ओळखते, र ओळखते, पण दोन्ही शेजारी ठेवले की ‘घ... र...’ असे म्हणून थांबते आणि आशेने आपल्या तोंडाकडे पाहते. मला सर्वांत जास्त झगडावे लागले ते याच ठिकाणी, म्हणून इथे घाई करू नये असे मी ठामपणे सांगते. आपण मोठी माणसे अक्षर सुटे म्हणताना प्रत्येकात पूर्ण ‘अ’ मिसळतो. मराठी शब्द उच्चारताना मात्र शेवटच्या अक्षरातला हा ‘अ’ गळतो. त्यामुळे मुलाने म्हटलेले ‘घ-अ, र-अ’ आणि त्याच्या ओळखीचे ‘घर’ यांचा मेळ बसत नाही. यावर उपाय एकच : पहिल्या अक्षराचा सूर लांबवत दुसऱ्यावर सरकावे, ‘घऽऽर’, आणि बोटही त्याच वेळी कार्डांखालून न उचलता सरकवावे. बोट उचलले की आवाज तुटतो. दोन कार्डे आधी वितभर अंतरावर ठेवून हळूहळू जवळ आणली की मूल स्वतःच शब्द पकडते.

काना सोपा आहे : बाबा, काका, मामा. त्यानंतर येणारी पहिली वेलांटी मात्र पुन्हा छळते, कारण ती अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते. डावीकडून वाचत जाणारे मूल ‘दिवा’ या शब्दाला ‘इदवा’ म्हणते, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर ते बरोबरच करत असते. अशा वेळी रागावू नये आणि ‘द ला पहिली वेलांटी दि’ हा पाढाही म्हणू नये. त्या पाढ्यात शब्द हरवतो. वेलांटी बोटाने झाकावी, मुलाला ‘द’ म्हणू द्यावे, मग बोट काढावे आणि ‘दि’ येईपर्यंत थांबावे. दिवा, चिमणी, किती, विहीर असे ओळखीचेच शब्द घ्यावेत. पाठ झालेली बाराखडी म्हणजे वाचन नव्हे. क पासून कः पर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला मधलेच ‘के’ दाखवून पाहावे, बहुतेक मुले मनात ‘क का कि की’ मोजत तिथपर्यंत जातात. उकार, मात्रा आणि दुसरी वेलांटी यांना फारसा त्रास पडत नाही. जोडाक्षरे दुसरीत पाहावीत.

कन्नड या काळात घरी तोंडीच असू द्यावी. नीरु (पाणी), हालु (दूध), मने (घर) हे शब्द बाजारात आणि शेजारी कानावर पडतच असतात, ते वापरू द्यावेत. लिपीकडे वळावे ते मूल काना-वेलांटीचे मराठी शब्द न अडखळता वाचू लागल्यावर, आणि तेव्हाही पुन्हा शून्यापासून सुरुवात करू नये, कारण वर्णमालेचा क्रम तोच आहे आणि कागुणित म्हणजे आपली बाराखडीच. फरक तेवढे दाखवावेत. मराठीत काना लागला तरी क तसाच राहतो. कन्नडमध्ये काना किंवा वेलांटी लागली की अक्षराच्या डोक्यावरची छोटी खूण, तलकट्टू, जाते आणि मुलाला ओळखीचे अक्षर अनोळखी वाटते, म्हणून साधे रूप आणि बदललेले रूप शेजारी लिहून दाखवावे. कन्नडमध्ये ए आणि ओ यांची ऱ्हस्व व दीर्घ अशी वेगळी अक्षरे आहेत : ‘ओंदु’ म्हणजे एक, त्यातला ओ ऱ्हस्व, आणि ‘ओदु’ म्हणजे वाच, त्यातला दीर्घ. शिवाय कन्नडमध्ये शेवटचा ‘अ’ गळत नाही, म्हणून मराठीच्या सवयीने तो गिळणाऱ्या मुलाला शब्द शेवटपर्यंत म्हणायला लावावा. हे घरी कोणालाच जमत नसेल, तर गल्लीतल्या एखाद्या कन्नड भाषिक अक्कांकडे संध्याकाळी दहा मिनिटे बसवलेले शिकवणीपेक्षा चांगले.

शाळेत नलिकली पद्धत असेल, तर पहिली ते तिसरीची मुले गटांत बसून कार्डांवरून आपापल्या गतीने शिडी चढत असतात. तिथे ‘शेजारच्या मुलाचा कितवा धडा झाला’ हा प्रश्न निरर्थक आहे. आपले मूल शिडीच्या कोणत्या पायरीवर आहे ते बाईंना विचारावे आणि घरी त्याच पायरीचे शब्द घ्यावेत.

दुसरी संपत आली तरी मूल दोन अक्षरी शब्दावर अडत असेल, किंवा पुस्तक नाकाशी धरत असेल, तर सराव वाढवू नये. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत.