मिनिएचरऐवजी लाकडी सोंगट्या करताय? मग या चुका टाळा

बोर्डगेममधल्या प्लास्टिकच्या मिनिएचर्सचा, म्हणजे सोंगट्या म्हणून येणाऱ्या छोट्या मूर्तींचा, कंटाळा येणं काही नवीन नाही. रंगवायला वेळ नसतो, तलवारी वाकतात, बॉक्सचं झाकण नीट बसत नाही, आणि मग एक दिवस वाटतं की सरळ लाकडाच्या चकत्या कापाव्या, वर स्टिकर चिकटवावं, विषय संपला. तसा तो संपत नाही. चकती कापणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे, घोळ होतो तो त्याच्या आधी, नाहीतर नंतर.

आधीचा घोळ म्हणजे मिनिएचर खेळात नेमकं काय काम करतंय हे न बघताच करवत हातात घ्यायची. मूर्ती दिसायला भारी असते म्हणून आपण तिला शोभेची वस्तू धरतो, पण ती गपचूप बरीच माहिती देत असते: कोणाच्या बाजूची आहे, कुठल्या प्रकारची आहे, तोंड कुठे आहे, किती जागा अडवतेय, भिंतीआडून दिसेल का. यातलं एखादं चकतीवर आणायचं राहिलं की दर पाच मिनिटांनी "अरे हा कोण?" सुरू होतं. म्हणून रूलबुक एकदा याच नजरेने परत वाचा. तोंड कुठे आहे यावर नियम असेल तर कडेला बाण किंवा खाच हवी. एकसारखे चार शिपाई आहेत आणि प्रत्येकाचं लाइफ वेगळं मोजायचंय तर नंबर हवेत (इंग्रजी आकडे टाकणार असाल तर सहा आणि नऊखाली रेघ मारा, समोर बसलेल्याला ते उलटेच दिसणार आहेत).

बरं, मूर्ती उभी असते त्यामुळे ती बाजूनेही ओळखू येते, चकती मात्र फक्त वरून वाचता येते. टेबलाच्या त्या टोकाला बसलेल्याला फक्त तिची कड दिसते, आणि नेमकी ती कडच बहुतेक लोक कोरी सोडतात. टीमचा रंग कडेला द्या, अर्धी कटकट तिथेच मिटते. रंग निवडताना फक्त लाल विरुद्ध हिरवा असं करू नका, उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांतच साधारण ८ टक्के लोकांना हा फरक नीट कळत नाही, त्यामुळे एक रंग गडद आणि एक फिका ठेवा, किंवा बाजूप्रमाणे चिन्हच वेगळं ठेवा.

साइजमध्ये दोन उलट-सुलट चुका होतात. चौकोनांचा बोर्ड असेल आणि चौकोन एक इंचाचा असेल तर लोक २५ मिमीची चकती करतात. ती मावते, पण शेजारी-शेजारी चार चकत्या आल्या की बोट घालायला जागा उरत नाही आणि एक उचलताना तीन सरकतात, तिथे २० ते २२ मिमी बरी. याउलट ज्या खेळात बेसच्या (मूर्तीखालच्या गोल बैठकीच्या) कडेपासून टेपने अंतर मोजतात तिथे अशी काटछाट चालत नाही, मूळ बेस २५ चा तर चकती २५ ची आणि ३२ चा तर ३२ चीच. जाडी ३ मिमी ठेवली तर नखाने खरवडून उचलावी लागते. कॅरमची सोंगटी ७ ते ९ मिमी जाड असते, पण तिला स्ट्रायकरचा मार खायचा असतो, आपल्याला ५-६ मिमी भरपूर.

आणि कोणतं युनिट (सैन्याची तुकडी) आहे ते शत्रूला कळू नये असं असेल तर चकतीचा हट्ट सोडा, चौकोनी ठोकळा उभा करा. १९७२ च्या क्वेबेक १७५९ या वॉरगेममध्ये हीच पद्धत आहे, स्टिकरची बाजू आपल्याकडे आणि ठोकळा फिरवून त्याच्या कडांवर दाखवलेली ताकद वर-खाली करायची. यात लोक फसतात ते मागच्या बाजूला! एका ठोकळ्याच्या पाठीवर गाठ आहे किंवा एकाचा कोपरा उडालाय, की दुसऱ्या डावापासून सगळ्यांना माहीत असतं की गाठवाला म्हणजे जनरल. पाठी एकसारख्या रंगवून टाका.

आता लाकूड. झाडाची ओली फांदी कापून सालीसकट चकत्या करायचा मोह होतो, फोटोत छानच दिसतात त्या. पण लाकूड वाळताना त्यातल्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जेवढं आक्रसतं ते केंद्राकडून कडेच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतं, त्यामुळे मधून कडेपर्यंत सरळ चीर जाते, आणि सालही सुटते. वाळलेला गोल दांडा घ्या. एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड) स्वस्त आणि सपाट असतो पण त्याची कड पाणी पिऊन फुगते, आणि घासताना मास्क लागतोच.

कापताना मायटर बॉक्स (करवत सरळ चालावी म्हणून खाचा असलेली चौकट) आणि बारीक दातांची करवत पुरते. करवत जिथून बाहेर पडते तिथे लाकडाचे तुरे निघतात, तिथे मास्किंग टेपचा एक वेढा द्या. दांडा मोजताना करवतीची जाडी विसरू नका: ६ मिमीच्या ३० चकत्या म्हणजे १८० मिमी वाटतात, पण प्रत्येक कापाला १ मिमी भुसा गेला की २१० लागतात, घासणं अजून वेगळंच. मशीनच्या करवतीवर इतके छोटे तुकडे कापणार असाल तर सुटणाऱ्या तुकड्याला पलीकडून ठोकळ्याचा अटकाव ठेवू नका, तुकडा पात्यात अडकून गोळीसारखा उडतो. खरं तर हातानेच कापा. घासताना पॉलिश पेपर बोटाला गुंडाळू नका, कडा गोल होतात आणि स्टिकर तिथूनच उठतं. पेपर काचेवर पसरा आणि चकती त्यावर फिरवा, १२०, १८०, मग २४० नंबर.

स्टिकर निघतंय, सुरकुतलंय, फिसकटलंय

सगळ्यात जास्त रडारड इथे असते. दांडा आडवा कापला की लाकडाच्या बारीक नळ्यांची तोंडं उघडी पडतात आणि ती गोंद शोषून घेतात, मग कागदाखाली गोंदच राहत नाही. आधी गोंदाचा किंवा वॉर्निशचा पातळ हात मारा, वाळू द्या, हलकं घासा, भुसा पुसा, मग चिकटवा. फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात जास्त पाणी घातलं तर कागद ओला होऊन ताणला जातो आणि वाळताना सुरकुत्या येतात, तिथे ग्लू स्टिक किंवा तयार स्टिकर शीट जास्त बरी.

स्टिकर लहान आलं असेल तर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये "फिट टू पेज" चालू राहिलेलं असतं. १०० टक्के करा आणि आख्खं पान छापायच्या आधी एकच गोल छापून त्याचं माप पट्टीने घ्या. आणि कागदाचे गोल कापायच्या पंचचं एक गंमतशीर आहे, एक इंचाचा पंच म्हणजे २५.४ मिमी. २५ मिमीच्या चकतीवर कागद कडेबाहेर केसभर डोकावतो, दिसत नाही पण बोटाला लागतो आणि दोन-तीन डावांत सोलायला लागतो. चकतीपेक्षा १-२ मिमी लहानच कापा.

रंग फिसकटला असेल तर बहुतेक इंकजेटच्या प्रिंटवर पाण्याचं वॉर्निश ब्रशने लावलंय. लेझर प्रिंट घ्या, नाहीतर स्प्रेचे अगदी हलके दोन-तीन हात मारा, प्रत्येक हात वाळू देऊन.

थेट लाकडावर ॲक्रिलिक लावून ते खरखरीत झालं असेल तर ते पाण्याने उठलेले तंतू आहेत. ओल्या फडक्याने आधीच उठवा, वाळवा, घासा, मग रंग. जवसाचं तेल लावणारे असाल तर तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात, सुटी पसरून बाहेर वाळवा.

आणि वॉर्निश हाताला कोरडं लागलं म्हणून लगेच पिशवीत भरू नका. वास येतोय किंवा नख दाबल्यावर वळ उठतोय तोवर ते कच्चंच आहे, एकावर एक ठेवलेल्या चकत्या चिकटतात आणि सोडवताना वरचीचं स्टिकर खालचीला जातं.

सगळा सेट रंगवायच्या आधी एकच चकती कापण्यापासून वॉर्निशपर्यंत पूर्ण करा आणि तिच्यासोबत एक डाव खेळा. शिवाय त्याच दांड्याच्या चार-पाच कोऱ्या चकत्या जास्तीच्या कापून बॉक्समध्ये टाका, कारण एखादी हरवल्यावर दुसरा दांडा आणाल तेव्हा तो अर्धा मिमी इकडे-तिकडे निघणारच.