कपाशी सुकतेय? आधी पाणी काढा, आळवणी मग

झड उघडून कडक ऊन पडले की काळ्या भारी रानातली, पाते-बोंडांवर आलेली कपाशी दुपारपर्यंत माना टाकते. ही आकस्मिक मर. बुरशी किंवा किडीने ती येत नाही, मुळांचा श्वास कोंडल्याने येते.

पानांनी केलेली साखर मुळांत उतरते आणि प्राणवायू असला तरच पेशी तिच्यातून पुरती ऊर्जा काढतात: ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे (पेशी ज्याच्यावर चालते त्या ऊर्जा-रेणूचे) सुमारे 30 रेणू. पाणी तुंबले की मातीतली हवा निघून जाते, उरलासुरला प्राणवायू दिवस-दोन दिवसांत संपतो. मग त्याच साखरेतून जेमतेम 2 एटीपी मिळतात आणि पेशीत मद्यार्क साचतो. एवढ्या बळावर मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून झाड पाण्यात उभे राहून तहानेने सुकते. एक झाड उपटून बघा. बारीक मुळे तपकिरी झालेली, साल चिमटीत सुटून येते, वास आंबूस.

नुकसान दरवर्षी एकाच हयगयीने होते: चर काढलेला नसतो, नाहीतर धुऱ्याजवळ बुजलेला असतो. पाणी तसेच ठेवून दुकानदाराने दिलेले ह्युमिक, टॉनिक ओतू नका. गुदमरलेले मूळ ते उचलतच नाही. चिखलात फेकलेल्या युरियाचे नत्रही बरेचसे वायू होऊन उडते.

पाऊस थांबताच, या क्रमाने:

- त्याच दिवशी उताराच्या टोकाचा चर मोकळा करा. दर 4-5 ओळींनी सरी पाडून त्याला जोडा.
- पाने लुळी दिसताच, उशिरात उशिरा 24 तासांत, कोबाल्ट क्लोराईड 1 ग्रॅम 100 लिटर पाण्यात, फवारणी.
- साचलेले पाणी निघाल्यावर 10 लिटर पाण्यात युरिया 200 ग्रॅम + पांढरा पोटॅश 100 ग्रॅम + कॉपर ऑक्सिक्लोराईड 25 ग्रॅम. दर झाडाला 250 मिली आळवणी, म्हणजे द्रावण बुंध्याशी ओता. लगेच बुंध्याशी माती पायाने दाबा.
- वाफसा (माती ओलसर पण भुसभुशीत) आल्यावर डवरणी, म्हणजे डवऱ्याने ओळींमधली माती मोकळी करणे.

वाफसा ओळखायला वीतभर खोलीची माती मुठीत दाबून कमरेच्या उंचीवरून टाका. गोळा फुटला तर डवरा घाला. चपटा झाला तर थांबा, नाहीतर ओल्या मातीचा थर दाबून मुळांची हवा पुन्हा बंद होईल.

कोणत्या झाडावर खर्च करायचा? आमचा रानातला ठोकताळा असा: संध्याकाळी जे झाड मान उचलते ते वाचते. दोन सकाळी लुळेच राहिले, तर त्याच्यावर आळवणी वाया घालवू नका, शेजारच्या हिरव्या झाडांना द्या.