लॅपटॉप पुसून विंडोज नव्याने टाकताना ड्राइव्हच दिसत नसेल तर

बॅकअप घेतला आहे आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडूनही पाहिला आहे, असे धरून चालतो. किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने इन्स्टॉलर बनवा. लॅपटॉप सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबून (कंपनीनुसार बदलते) त्यावरून बूट करा. प्रॉडक्ट की मागितली तर ‘नाही’ म्हणा. विंडोजची आवृत्ती आधी होम होती तर होम, प्रो होती तर प्रो निवडा. आधीचे विंडोज अधिकृत असेल तर नेट जोडल्यावर ते आपोआप ॲक्टिव्हेट होते.

लोक अडतात ते विंडोज कुठे टाकायचे हे विचारणाऱ्या पडद्यावर. मीही तिथेच अडलो होतो. यादी कोरी, एकही ड्राइव्ह नाही. लगेच कुणीतरी सांगतो, एसएसडी (डेटा साठवणारी आतली ड्राइव्ह) गेली, नवी घ्या. मुळीच घेऊ नका! अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरच्या अनेक लॅपटॉपांत एसएसडी व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते आणि इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर (तो ओळखायला लागणारे सॉफ्टवेअर) नसतो. एसएसडी बहुतेक वेळा धडधाकट असते.

दुसरा सल्ला मिळतो तो बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या, लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हीएमडी बंद करण्याचा. काही बायोसमध्ये ते सेटिंगच नसते. असले तरी पुढे बायोस रीसेट होऊन व्हीएमडी पुन्हा चालू झाले की विंडोज बूट होताना अडू शकते. त्यापेक्षा लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर उतरवा. मिळते ती बहुधा ईएक्सई फाइल, आणि इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो: ती तशीच पेनड्राइव्हवर टाकून काहीही होत नाही. इन्स्टॉलरला ड्रायव्हरची माहिती असलेली आयएनएफ फाइल लागते. म्हणून ईएक्सई आधीच एक्स्ट्रॅक्ट करा (आतल्या फाइली बाहेर काढा), आलेला फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’ दाबून तो दाखवा.

यादी दिसली की घाई करू नका. पेनड्राइव्हही त्याच यादीत असतो. क्रमांकावर विसंबू नका, आकार पाहा. ५१२ जीबीची एसएसडी तिथे ४७६ जीबीच्या आसपास दिसते. बाहेरची हार्ड डिस्क आधीच काढून ठेवा.

‘फक्त सी फॉरमॅट करा’ हे मला मान्य नाही, कारण जुनी बूट आणि रिकव्हरी पार्टिशन (ड्राइव्हचे वेगळे भाग) तशीच राहतात. त्या ड्राइव्हवरची सगळी पार्टिशन डिलीट करा, अगदी १६ एमबीचेसुद्धा. कंपनीचे रिकव्हरी पार्टिशनही जाईल; हवे असेल तर त्याचा पेनड्राइव्ह आधीच बनवा. सगळी जागा एका ओळीत ‘अनअलोकेटेड’ दिसली की ती निवडून नेक्स्ट. लागणारी पार्टिशन विंडोज स्वतः करते.

लॅपटॉप दुसऱ्याकडे जाणार असेल तर एवढ्यावर थांबू नका. पार्टिशन डिलीट केल्याने डेटा पुसला जाईलच असे नाही. विंडोज टाकण्याआधी एसएसडीसाठी बायोसमधले सिक्युअर इरेज वापरा. हार्ड डिस्क असेल तर विंडोजमधल्या डिस्कपार्ट या टूलची ‘क्लीन ऑल’ आज्ञा द्या, नुसती ‘क्लीन’ नव्हे. प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिले जाते, म्हणून तासन्तास लागतात. चार्जर लावून ठेवा. सात-सात वेळा पुसण्याची गरज नाही, एकदा पुरते.