रामेश्वरला गाडीने निघण्यापूर्वी: चाबी आणि बाकीची तयारी

मागल्या जानेवारीत आम्ही दोघे, म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मी आणि माझी पत्नी, यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून स्वतःच्या गाडीने रामेश्वरला निघालो आणि सेलमहून परत आलो. गाडी बिघडली नव्हती, प्रकृती ठीक होती, रस्ताही चुकला नव्हता. कपाटाची चाबी तेवढी हिच्या पर्समध्ये राहून गेली होती. चौथ्या दिवशी दुपारी मुलाचा फोन आला की, सकाळी ओल्या अंगणात आजी पडली, खुब्याचे हाड मोडले आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नाव बसवायचे तर शिधापत्रिका आणि आधार कार्ड हवे आहे. कपाटाची चाबी कुठे आहे? चाबी त्याच्यापासून सुमारे अकराशे किलोमीटर अंतरावर होती. दुसरी चाबी आहे ना, असे मी मोठ्या विश्वासाने म्हणालो, आणि हिने शांतपणे सांगितले की दुसरी चाबी त्याच कपाटाच्या लॉकरमध्ये सुरक्षित ठेवलेली आहे.

शेवटी गावातल्या वेल्डिंगवाल्याने ग्राइंडरने कुलूप कापले. आईची शस्त्रक्रिया झाली, ती आता वॉकर धरून ओसरीपर्यंत येते, आणि कपाटाचे दार वर्षभर तारेने बांधलेले होते. या जानेवारीत आम्ही पुन्हा निघत आहोत. आमच्यासारख्या वयाची दोन-तीन जोडपी तयारीविषयी विचारत असतात, म्हणून हे एकदाच लिहून ठेवतो. लोक गाडीपासून सुरुवात करतात. मी कपाटापासून करणार आहे.

कपाटाला नवीन कुलूप बसवून घेतले असेल तर त्याच्या दोन्ही चाब्या, आणि लॉकरची वेगळी चाबी असेल तर तिच्याही दोन्ही, टेबलावर मांडा. एक संच प्रवासात तुमच्याबरोबर जाऊ द्या किंवा जाऊ देऊ नका, त्याने काही बिघडत नाही. दुसरा संच घरात राहणाऱ्या माणसाच्या हातात गेला पाहिजे. "देवघरात ठेवली आहे", "धान्याच्या कोठीमागे खिळ्याला आहे" असे फोनवर सांगण्याची वेळ येऊ देऊ नका, कारण घाबरलेल्या माणसाला खिळा सापडत नाही. बाजारातल्या चाबीवाल्याकडून नक्कल करून आणली असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नका. आमची पहिली नक्कल कुलपात जात होती, फिरत मात्र नव्हती. ज्याच्याकडे चाबी राहणार आहे त्याने तुमच्यासमोर कपाट उघडावे, लॉकर उघडावा, बंद करावा आणि पुन्हा उघडावा. निघण्याच्या आदल्या दिवशी हे परत एकदा करा. घरातले हसतील, त्यांना हसू द्या.

आमचा मुलगा म्हणाला की, लागणारी कागदपत्रे बाहेर काढून ठेवली तर चाबीची गरजच काय? गरज आहे, कारण नेमका कोणता कागद लागेल हे कुणालाच ठाऊक नसते. तरीही एक फाईल बाहेर ठेवावीच. तिच्यात आईचे आधार कार्ड, शिधापत्रिका, जुन्या तपासण्यांचे कागद आणि चालू औषधांची चिठ्ठी असावी. दुसरी फाईल शेताची. सातबारा माझ्या नावावर, बँकेचे पुस्तक माझ्या नावावर आणि कापूस मात्र मुलगा विकणार, अशी अवस्था आमच्याकडे बहुतेक घरांत असते. मागच्या वेळी आई दवाखान्यात असताना सातबारा आणि पासबुकही त्या बंद कपाटातच होते, हे मुलाने मला फार नंतर सांगितले. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७७१० रुपये होता. खरेदी केंद्रावर जाण्यासाठी मोबाइलवर नोंदणी करावी लागते आणि कापसात बारा टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. ओलावा मुलगा बघून घेईल, त्याला ते माझ्यापेक्षा चांगले कळते. परंतु नोंदणीचा क्रमांक ज्या मोबाइलवर येतो तो मोबाइल माझ्या खिशात मदुराईत असेल, तर घरी कापसाचा ढीग तसाच पडून राहील. तेव्हा कोणत्या कामासाठी कोणता मोबाइल क्रमांक दिला आहे ते एका कागदावर लिहा. गॅस सिलिंडर घरी आल्यावर सांगावा लागणारा क्रमांकसुद्धा नोंदवलेल्या मोबाइलवरच येतो. शक्य असेल तिथे मुलाचा क्रमांक नोंदवा आणि शक्य नसेल तिथे फोन चालू ठेवा. हा कागद कपाटात ठेवू नका. ठेवलाच, तर चाबी सुनेकडे आहे ना, ते आधी बघा.

सुनेकडे असे मुद्दाम लिहिले आहे. आमची चाबी विसरली असे मी वर्षभर सगळ्यांना सांगत आलो, पण ते अर्धेच खरे आहे. हिच्या सासूने, म्हणजे माझ्या आईने, ती चाबी हिला आमच्या लग्नानंतर चौदा वर्षांनी दिली होती, आणि चाबी देणे म्हणजे घराचा कारभार देणे, असे आमच्या घरात न बोलता ठरलेले आहे. तीन आठवड्यांच्या प्रवासासाठी कारभार द्यायचा, ही कल्पनाच आम्हा दोघांच्या मनात आली नाही. सून अंगणवाडी सांभाळते, गावातल्या साठ लेकरांची नोंद ठेवते, पण कपाटातली शिधापत्रिका कोणत्या कप्प्यात आहे हे तिला माहीत नव्हते. हा दोष तिचा नव्हता.

आईविषयी थोडे. बयासी वर्षांच्या माणसाला "जपून चाल" असे सांगून काही होत नाही. सडा टाकून झाल्यावर अंगण वाळेपर्यंत बाहेर येऊ नको, असे आम्ही तिला दहा वेळा सांगितले होते. तेव्हा सांगणे सोडा आणि सडा टाकण्याची वेळ बदला. आमच्याकडे आता आई उठण्यापूर्वी तास-दीड तास सडा होतो. न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर जळणारा दिवा आणि भिंतीला लोखंडी नळी लावून घ्या. १०८ आणि ११२ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहा. ज्या नातेवाइकाकडे चारचाकी आहे त्याला आधी सांगून ठेवा, आणि तो त्या दिवसांत लग्नाला जाणार नाही ना, हेही विचारा.

शेताचे मी फारसे लिहीत नाही. गव्हाचे आणि हरभऱ्याचे ओलित, तुरीची मळणी, ढोरांचा चारा, सालदाराची उचल, ही मुलाची कामे आहेत आणि ती त्याच्यावर सोडावीत. सेलमहून फोन करून मोटार कधी सुरू करायची हे सांगणारा बाप मी झालो होतो, म्हणून सांगतो. पंपघराची चाबी मात्र बघून घ्या.

आता गाडी. सर्व्हिसिंग, ऑइल, ब्रेक हे सर्वांना ठाऊक आहे. टायर मात्र नीट बघा, कारण आपल्यासारख्यांची गाडी वर्षात फार चालत नाही. नक्षी शाबूत दिसते आणि रबर आतून म्हातारे झालेले असते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला, आणि असा टायर जानेवारीतही दुपारी तापणाऱ्या सिमेंटच्या रस्त्यावर नेऊ नये. स्टेपनीत हवा भरा. विमा आणि पीयूसी यांची तारीख परतीच्या दिवसापर्यंत पुरते का ते बघा. चालक परवान्याची तारीख आमच्या वयात हमखास चुकते, कारण पंचावन्न वर्षे पूर्ण झाल्यावर परवाना पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो आणि चाळिशीनंतर वैद्यकीय प्रमाणपत्रही जोडावे लागते. फास्टॅगमध्ये पैसे असू द्या. तो बंद पडला आणि रोख द्यावे लागले, तर नाक्यावर दुप्पट टोल बसतो. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३.

रस्ता सोपा आहे. आमच्या तालुक्याचे गाव असलेल्या पांढरकवड्याहून चव्वेचाळीस क्रमांकाचा महामार्ग धरायचा, पाटणबोरीपुढे पैनगंगा ओलांडायची आणि मग आदिलाबाद, निर्मल, हैदराबाद, कर्नूल, अनंतपूर, बंगळूर, सेलम, मदुराई असे सरळ दक्षिणेकडे जायचे. हाच रस्ता पुढे कन्याकुमारीला संपतो. रामेश्वरसाठी मदुराईला वळावे लागते. आदिलाबादपर्यंत मराठी चालते, पुढे हातवारे चालतात. दिवसाला साडेतीनशे किलोमीटरपेक्षा जास्त चालवू नका, दुपारी चारला मुक्काम शोधा आणि अंधारात चालवू नका, कारण समोरच्या दिव्यांचा त्रास आपल्या वयात किती होतो हे आपण मान्य करत नाही. हैदराबाद आणि बंगळूर ही शहरे बाहेरच्या वळणरस्त्यानेच ओलांडा. शहरातली नातेवाईक मंडळी रागावतील, त्यांना परतताना भेटू असे सांगा.

वेळ निवडताना दोन गोष्टी बघा. तमिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो, म्हणून आपल्याकडची दिवाळीनंतरची कोरडी हवा बघून फसू नका. आणि आपल्या संक्रांतीच्या दिवसांत तिकडे पोंगल असतो, तेव्हा त्या चार दिवसांत गर्दी असते आणि बरीच दुकाने बंद असतात. संक्रांत घरी करून, तीळगूळ घेऊन निघावे. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला देऊन झालेला असावा, हे निवृत्तांना सांगायला नको.

औषधे तीस दिवसांची घ्या आणि दोन पिशव्यांत विभागून ठेवा. चिठ्ठीवर औषधाच्या कंपनीच्या नावाबरोबर मूळ औषधाचे नाव लिहून घ्या, कारण तिकडच्या दुकानात आपल्याकडचे नाव कळेलच असे नाही. जेवणासाठी पहिले दोन दिवस दशम्या आणि जवसाची चटणी पुरते. नंतर इडली खावी लागते आणि ती पोटाला बरी असते. धापोड्यांचा डबा ही न्यायला सांगते, मी विरोध करत नाही.

रामेश्वरच्या मंदिरात बावीस तीर्थांचे स्नान असते आणि ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे जाता येत नाही, म्हणून कोरड्या कपड्यांची एक वेगळी पिशवी वरच ठेवा. मदुराईच्या मीनाक्षी मंदिरात मोबाइल नेऊ देत नाहीत. दर्शनाला जाण्यापूर्वी घरी फोन करून सांगा की दोन-तीन तास आम्ही मिळणार नाही. कन्याकुमारीला वेळ असेल तर जावे. तिथल्या खडकावरचे विवेकानंद स्मारक १९७० साली पूर्ण झाले आणि त्यामागे उभे राहिलेले एकनाथ रानडे हे अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे, त्यामुळे वऱ्हाडच्या माणसाने ते बघितले पाहिजे, असे मी शाळेत मुलांना वीस वर्षे सांगितले आणि स्वतः अजून बघितलेले नाही. समुद्र खवळला तर नाव बंद असते, म्हणून एक दिवस जादा धरा.

घरी रोज रात्री आठला फोन करायचा. फोन नातीने घ्यायचा, कारण ती खरे सांगते. आईला आपण कुठे पोहोचलो ते गावाच्या नावाने सांगा. किलोमीटर तिला कळत नाहीत आणि "जवळच आहोत" यावर तिचा विश्वास बसत नाही.

निघण्याच्या सकाळी पाण्याच्या बाटल्या, चष्मे, चार्जर, थोडी रोख. गाडीत बसल्यावर पुन्हा एकदा: चाबी सुनेच्या हातात आहे का? तिला दाराशी बोलवा आणि चाबी दाखवायला सांगा. दोन्ही चाब्या, लॉकरची पण.

परतीचे काय लिहू. तेल-पाणी बघा, टायरमधली हवा बघा, घाई करू नका, शेवटच्या दिवशी पाचशे किलोमीटर ओढण्याचा मोह टाळा. पांढरकवड्याला पोहोचल्यावर घरी फोन करा, म्हणजे भाकरी टाकता येतात. पर्समधली चाबी हिच्याकडेच राहील. दुसरी परत मागायची नाही, असे हिनेच ठरवले आहे.